माळ्यावरची १११ पोती

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार. परवा फोनवर बाबा म्हणाले, अगं नवीन घर ना ते, मग परत कसला कॉन्ट्रॅक्टर लावलास, आणि तेवढ्यात माझी मीटिंग सुरू झाली म्हणून अर्धवट राहिलं. आता बसून लिहितेय, जरा मोठं होईल, आईला वाचून दाखवा.

इथे मिनियापोलिसला आपल्यासारख्या विटांच्या भिंती नसतात. लाकडाचा सांगाडा उभा करतात आणि मधे सगळं पोकळ, त्या पोकळीत इन्सुलेशन, म्हणजे थंडी-उष्णता अडवणारा माल, भरायचं, वर ड्रायवॉलच्या, म्हणजे जिप्समच्या, शीट ठोकायच्या, रंग मारला की संपलं, आत काय भरलंय की नुसती हवाच आहे ते पुढे कोणाला दिसत नाही. आणि जानेवारीत रात्री उणे पंचवीस होतं हो इथे. म्हणून बिल्डरला सांगितलं की बाकी सगळं तुझं, पण ह्या कामाचा माणूस आम्ही आणतो.

आई, गोधडीसारखंच आहे ते. आजी जुन्या लुगड्यांचे थर घालून शिवायची ना, ऊब खरी त्या थरांमधे अडकलेल्या हवेची. इथे भिंतीत काचेच्या तंतूंच्या गाद्या बसवल्या आणि माळ्यावर चक्क जुन्या पेपरचा भुगा, सेल्युलोज म्हणतात, आग आणि किडे लागू नयेत म्हणून त्यात बोरेट नावाचा क्षार घालतात. बाबा, तुमच्या पलंगाखालच्या रद्दीची किंमत आत्ता कळली मला! भिंतीला आतल्या बाजूने प्लास्टिकचा कागदही लावला, कारण भाताच्या झाकणाला आतून पाणी सुटतं तसं घरातली वाफ थंडीत भिंतीत शिरून तिथे पाणी होतं आणि लाकूड कुजतं.

माणूस शोधताना मात्र डोकं फिरलं. पहिला आला तो सगळीकडे स्प्रे फोमच मारू म्हणाला, फवारला की फुगून घट्ट होतो तो, फोम चांगला असतो पण आकडा ऐकून तुमचा जावई खालीच बसला. दुसरा स्वस्त, गोड बोलणारा, अर्धे पैसे आधी रोख द्या म्हणे, पण कोटेशनवर आर किती ते लिहायला तयार नाही. आर म्हणजे थंडी-उष्णता अडवायची ताकद, जेवढा मोठा तेवढं बरं, आमच्या माळ्याला आर-४९ लागतो. जो आकडाच लिहीत नाही त्याला काय धरणार, त्याला चहा पाजून पाठवलं. तिसऱ्याने आर, जाडी, किती पोती, सगळं लिहून दिलं, इन्शुरन्सचा कागदही न मागता काढला, तोच ठरवला.

आणि तरी गंमत झालीच. माळ्यावर भुगा मशीनने पाइपातून उडवतात. ह्यात एक चलाखी असते, हवा जास्त सोडली की भुगा फुलून येतो, पट्टीवर उंची बरोबर दिसते पण माल कमी पडलेला असतो आणि पुढे तो बसतो. म्हणून उंची नाही, पोती मोजायची. प्रत्येक पोत्यावर तक्ता छापलेला असतो, किती स्क्वेअर फुटाला किती पोती ते, आणि काम झाल्यावर तसं लिहून द्यायचं असा इथे केंद्र सरकारचा नियमच आहे १९७९चा. आमच्या १४०० फुटाला १११ लागणार होती. पोरं पाइप गुंडाळायला लागली तशी मी ड्राइव्हवेवर पडलेल्या रिकाम्या पिशव्या मोजल्या, पाच-पाचच्या गड्ड्या करून, भरल्या ९४! परत मोजल्या, ९४च.

बाबा, मला आपल्या घराचं काम आठवलं. तुम्ही रजा टाकून कडुनिंबाखाली खुर्ची घेऊन बसायचात, मांडीवर वही, सिमेंटचं पोतं फुटलं की एक रेघ, पाचवी आडवी. मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, मैत्रिणी बघायच्या, मिस्त्रीसुद्धा हसायचा. परवा मी तशीच उभी होते, हातात पेन. मुख्य माणसाला फोन केला, तो आधी म्हणाला उंची तर बरोबर आहे की, मी म्हटलं पोत्यावरचा तक्ता वाचून दाखवू का. दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेली १७ आली आणि मी उभं राहून टाकून घेतली. शेवटचा चेक त्यानंतरच दिला, आणि पैसे पोचल्याची सही घेऊन, कारण इथे एखाद्याचे पैसे थकले तर तो घरावर बोजा चढवू शकतो.

काल दाराला मोठा पंखा लावून हवेची टेस्ट झाली. पंखा घरातली हवा बाहेर ओढतो, मग जिथे फट असेल तिथून बाहेरची हवा आत येते. त्या माणसाकडे धूर सोडायची पेन्सिल होती, मी आपली देवघरातली उदबत्ती घेऊन त्याच्या मागे मागे. हॉलच्या उत्तरेकडच्या प्लगपाशी धूर सटकन आडवा झाला, ती फट त्याच्याकडून सुटली होती! तो म्हणाला ही काय वस्तू आहे, अर्धा पुडा देऊन टाकला त्याला.

तुमच्या स्लॅबचं पण यंदा मनावर घ्या, दुपारी वरच्या खोलीत बसवत नाही म्हणता. पांढरा चायना मोझॅक नाहीतर निदान चुना तरी मारून घ्या, मे महिन्याची वाट बघू नका. पोती मोजायला मी नाहीये तिथे.

आई, येताना गोधडी आणू नकोस, घर गरम राहणार आहे, असं तुझा जावई म्हणतोय. तू आण.

तुमची,
ताई