‘नको, नको’ म्हणत सगळं घेणारा ऑगस्टस

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत रोमन राज्यकर्त्यांच्या इमेज बिल्डिंगवर आलेला लेख वाचला. फोटो मस्त होते, पुतळे, नाणी, कमानी सगळं होतं, पण ‘ऑगस्टसने स्वतःचा राज्याभिषेक करून घेतला’ हे वाक्य वाचून चहाचा कप खाली ठेवला. अहो, तेच तर रोमच्या या पहिल्या सम्राटाने उभ्या आयुष्यात केलं नाही! तो राजा झाला नाही, डिक्टेटर (संकटकाळी एकाच्या हाती सगळी सत्ता देणारं रोमन पद) झाला नाही, ‘मालक’ म्हणून हाक मारलेली पण त्याला चालायची नाही, आणि तरी चाळीस वर्षांवर सगळी सत्ता त्याच्या एकट्याच्या हातात. मी काही इतिहासाची प्राध्यापक नाही, विमा ऑफिसमधून रिटायर झालेली बाई आहे, पण मुलगी मिलानला असते त्यामुळे दोनदा रोमला जाणं झालं आणि तेव्हापासून या माणसाने मला धरून ठेवलंय.

आपल्याकडे पंगतीत जिलबी घेऊन वाढपी आला की काही जण ताटावर हात आडवा धरतात, ‘नको नको, पुरे’ म्हणतात, पण बोटं जरा फाकवूनच ठेवतात. ऑगस्टसचं राजकारण मला तसंच दिसतं. पुतळे काय, सगळ्यांनीच उभारले. नकार मात्र त्याच्यासारखा कुणाला जमला नाही.

इ.स.पू. २७ चा जानेवारी घ्या. त्याचा प्रतिस्पर्धी अँटनी आणि इजिप्तची राणी क्लिओपात्रा संपलेत, समोर कुणी उरलं नाही, आणि हा सिनेटमध्ये, म्हणजे रोमच्या बड्या लोकांच्या सभेत, उठून म्हणतो की मी सगळी सत्ता तुम्हाला परत करतो. सिनेटर घाबरले, काही जणांना आधीच सांगून ठेवलं होतं असंही म्हणतात, सगळे ‘नका हो सोडून जाऊ’ करायला लागले. मग त्याने मोठ्या नाइलाजाने स्पेन, गॉल (आजचा फ्रान्स), सीरिया असे काही प्रांत फक्त दहा वर्षांसाठी सांभाळायला घेतले. आता गंमत बघा, बहुतेक सगळं सैन्य नेमकं याच प्रांतांत होतं! शांत, बहुतेक बिनसैन्याचे प्रांत त्याने मोठ्या मनाने सिनेटला देऊन टाकले. तीन दिवसांनी त्याला ‘ऑगस्टस’ हे नाव मिळालं. रोम्युलस नाव द्यावं अशी पण सूचना होती, रोम वसवणारा म्हणून, पण रोम्युलस राजा होता, नको तो वास. ऑगस्टस म्हणजे पूज्य, पवित्र असं काहीतरी, ऐकायला देवळातलं वाटतं आणि कुठल्याही पदाचं नाव नाही.

याहून भारी किस्सा इ.स.पू. २२ चा. त्या वर्षी टायबर नदीला पूर, वर रोगराई, वर धान्याची टंचाई. लोकांनी सिनेटरांना सभागृहात कोंडलं आणि ऑगस्टसला डिक्टेटर करा नाहीतर इमारत पेटवतो म्हणाले. यावर साहेबांनी काय करावं, गुडघ्यावर बसले, खांद्यावरून टोगा, म्हणजे अंगावरचं वस्त्र, खाली ओढला आणि उघड्या छातीने लोकांना हात जोडले की हे पद मला देऊ नका. (त्याचं चरित्र लिहिणाऱ्या रोमन सुएटोनियसने लिहिलंय, माझ्या मनाचं नाही.) डिक्टेटरशिप नाकारली आणि धान्यपुरवठ्याचं काम तेवढं घेतलं आणि स्वतःच्या खर्चाने थोड्या दिवसात शहराची भीती घालवली. उपाशी माणसाला पद कोण बघतो, धान्य कुणी दिलं ते लक्षात राहतं.

तसंच त्या चांदीच्या पुतळ्यांचं. रोममध्ये त्याचे उभे, घोड्यावरचे, रथातले मिळून सुमारे ८० चांदीचे पुतळे होते. ते त्याने स्वतः काढून टाकले आणि त्या पैशातून अपोलोच्या देवळात सोन्याच्या वस्तू वाहिल्या, स्वतःच्या नावाने आणि ज्यांनी पुतळे दिले होते त्यांच्याही नावाने, म्हणजे देणारेही खुश. हे अपोलोचं देऊळ कुठे होतं? पॅलटाइन टेकडीवर, याच्याच घराला लागून! आणि घर कसं, तर साधं, एकाच खोलीत चाळीस वर्षांवर झोपला, कपडे बायको, बहीण, मुलगी यांनी घरी विणलेले. आता घरच्या बायकांनी विणलेलं कापड घालतो ही बातमी गावभर झाली ती काय आपोआप झाली असेल?

लेखात प्रिमा पोर्टाच्या पुतळ्याबद्दल चांगलं लिहिलंय, १८६३ मध्ये त्याची बायको लिव्हिया हिच्या व्हिलात सापडला तो, अनवाणी, छातीवर चिलखत, पायाशी डॉल्फिनवर बसलेला क्युपिड. फक्त एक सांगायचं राहिलं की तो जवळजवळ ७६ वर्षांचा होऊन इ.स. १४ मध्ये गेला आणि पुतळ्यात शेवटपर्यंत तरणाबांडच राहिला. खऱ्यात त्याचे दात किडलेले आणि विरळ होते, उंच दिसायला तो जाड तळाच्या चपला घालायचा. उंची सांगितली त्याच्या एका मुक्त केलेल्या गुलामाने, त्याचं नाव मॅराथस (आपला काही संबंध नाही, उगाच व्हॉट्सॲपवर फिरवू नका), ती हिशोब केला तर साडेपाच फुटांच्या थोडी वरच येते.

रोममध्ये आरा पाचिस म्हणून त्याची शांतीची वेदी आहे, इ.स.पू. ९ मध्ये अर्पण केलेली. आमच्या ग्रुप टूरमध्ये ती नव्हतीच, कलोसियम आणि व्हॅटिकन करून बस थेट पिझ्झ्याला, म्हणून दुसऱ्या वेळी मुलीला घेऊन मुद्दाम गेले. त्या म्युझियमच्या बाहेरच्या भिंतीवर ऑगस्टसने स्वतः लिहिलेला आपल्या कामांचा हिशोब आहे, ‘रेस गेस्टाए’. मूळ ब्राँझवर कोरून त्याच्या समाधीपुढे लावायला सांगितलं होतं, ते गेलं, पण तुर्कस्तानात अंकाऱ्याच्या देवळाच्या भिंतीवर लॅटिन आणि ग्रीक दोन्हीत राहिलं म्हणून आज वाचता येतं. आम्ही फुटपाथवर उभं राहून मोबाईलवर भाषांतर काढून अख्खं वाचलं, मुलगी कंटाळली पण मी काही हलले नाही. सुरुवात वयाच्या १९ व्या वर्षी स्वतःच्या पैशाने सैन्य उभं केलं इथून, आणि पुढे बघावं तर ‘मी घेतलं नाही, मी नाकारलं’ सारखं येत राहतं! डिक्टेटरशिप घेतली नाही. मुख्य पुजाऱ्याचं पद, ते ज्याच्याकडे होतं तो जुना साथीदार लेपिडस जिवंत आहे तोवर घेतलं नाही (तो मेल्यावर इ.स.पू. १२ मध्ये घेतलं, आणि तेव्हा मतदानाला अख्ख्या इटलीतून गर्दी लोटली हे सांगायला विसरला नाही). सीझरचा खून करणारे ब्रूटस आणि कॅशियस, किंवा अँटनी, यांची नावं सुद्धा नाहीत, नुसतं ‘माझ्या वडिलांना मारणारे’ (सीझरने याला दत्तक घेतलं होतं) आणि ‘एक गट’. सिसेरो या नामवंत वक्त्याचं मुंडकं ठार मारायच्या माणसांच्या ज्या यादीमुळे उडालं त्या यादीवर याचीही सही होती, त्याबद्दल एक अक्षर नाही. आणि शेवटाकडे ते वाक्य, की मान माझा सगळ्यांहून मोठा होता, पण अधिकार माझ्या बरोबरच्या पदाधिकाऱ्यांपेक्षा जास्त नव्हता. मी वाचून मोठ्याने हसले, शेजारचा पोरगा बघायला लागला.

हो, त्यात भारत पण आहे. भारतातल्या राजांचे दूत माझ्याकडे वारंवार आले, आधी कुठल्या रोमन सेनापतीकडे आले नव्हते, असं लिहिलंय. त्या काळचा ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो सांगतो की भेटींमध्ये मोठे साप, एक भलं मोठं कासव आणि लहानपणापासून हात नसलेला एक तरुण होता. त्याचं पुढे काय झालं असेल कुणास ठाऊक.

नकार द्यायला तर त्याच्या आधी सीझरनेही दिला होता. इ.स.पू. ४४ च्या फेब्रुवारीत अँटनीने भर सणात त्याच्या डोक्यावर मुकुट ठेवायला बघितला, त्याने दूर सारला, लोकांनी टाळ्या पण वाजवल्या, आणि आपण राजेपद नाकारलं अशी नोंद पंचांगात करून घेतली. पण बसला होता सोन्याच्या खुर्चीवर, अंगावर जांभळा झगा, आणि कायमचा डिक्टेटर होऊन! कोण विश्वास ठेवणार, महिन्याभरात खून झाला. आणि ऑगस्टसच्या मागून आलेला टायबेरियस, त्याने पण सिनेटमध्ये ‘मला नको, झेपणार नाही’ सुरू केलं पण इतकं लांबवलं की शेवटी कुणीतरी ओरडलं, घे नाहीतर सोड. स्क्रिप्ट तेच होतं हो, नट तो नव्हता.

तेव्हा राज्याभिषेकाची तेवढी दुरुस्ती छापावी ही विनंती. आणि पुढचा लेख देणार असाल तर व्हेस्पेशियन या पुढच्या एका सम्राटावर द्या, त्याने नटव्या सम्राट नीरोनंतर मुद्दाम टकला आणि सुरकुत्यांचा चेहरा दगडात कोरून घेतला, तो फोटो मात्र मोठा छापा.

आपली नियमित वाचक,
सांगली