नाणं आधी पालथं करा

लिंकन, इंग्लंड

तीर्थरूप काकांस,
साष्टांग नमस्कार.

अँग्लो-सॅक्सन, म्हणजे १०६६ च्या आधीच्या इंग्लंडच्या नाण्यांचा संग्रह कुठल्या राजापासून सुरू करावा, असं तुम्ही विचारलंत. उत्तर जरा आडवं वाटेल: राजा नंतर बघा, आधी नाणं पालथं करा. पुढच्या बाजूला राजाचं तोंड असतं, पण ते कुणासारखंच नसतं. ठसा कोरणाऱ्याने जुन्या रोमन नाण्यांवरून उचललेला तो ठरीव चेहरा. माहिती मागे असते. तिथे नाणं पाडणाऱ्याचं नाव आणि गावाचं नाव असतं. शिवराई कुठल्या टांकसाळीची हे ठरवताना किती डोकेफोड होते ते तुम्हाला ठाऊक आहे. इथे हजार वर्षांपूर्वीचं नाणं आपला पत्ता स्वतः सांगतं.

सगळीच सांगतात असं नाही. ही पद्धत पक्की झाली ती साधारण ९७३ साली, एडगर राजाने नाण्यांची घडी नव्याने बसवली तेव्हा. त्याआधीचं थोडक्यात सांगतो. सातव्या शतकाच्या अखेरीपासून पन्नास-साठ वर्षं 'शॅट' नावाची चांदीची जाडसर नाणी चालली. सदऱ्याच्या बटणाएवढी, जेमतेम १२ मिमी, वजन ग्रॅमभर किंवा थोडं जास्त. पक्षी, साप, साळिंदरासारखी एक आकृती, क्वचित रुनी लिपीतली अक्षरं. देखणी असतात, पण बहुतेकांवर राजाचं नावच नाही, त्यामुळे नवख्याला वाचायला काही मिळत नाही. पुढे उत्तरेच्या नॉर्थंब्रिया राज्यात चांदी कमी होत होत नवव्या शतकात नाण्यांत जवळपास तांबंच उरलं. त्या 'स्टायका'. त्यांच्यावर राजाचं नि पाडणाऱ्याचं अशी दोन्ही नावं असतात आणि त्या स्वस्तही मिळतात, पण त्यांना रोग लागतो, त्याबद्दल खाली.

मध्य इंग्लंडातल्या मर्सिया राज्याच्या ऑफा राजाने (७५७ ते ७९६) चांदीची पातळ, रुंद पेनी रुळवली आणि पुढची कित्येक शतकं तोच घाट राहिला. राणी सिनेथ्रिथच्या नावानेही पेन्या निघाल्या. अँग्लो-सॅक्सन राजाच्या दुसऱ्या कुठल्या राणीच्या वाट्याला हा मान आला नाही. ऑफाचं एक सोन्याचं नाणं ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. बगदादच्या खलिफा अल-मन्सूरच्या हिजरी १५७ च्या दिनाराची ती नक्कल. कोरणाऱ्याला अरबी येत नव्हती हे उघड आहे, कारण अक्षरं चुकली आहेत आणि 'ऑफा रेक्स' हे शब्द अरबी मजकुराच्या हिशेबाने उलटे पडलेत. असलं नाणं आपण काचेपलीकडूनच बघायचं.

आता त्या मागच्या बाजूच्या माणसाकडे येतो. त्याला इथे 'मनीयर' म्हणतात. पेशवाईत टांकसाळीचा मक्ता सोनाराला दिला जाई, त्याच्याशी ताडून पाहिलंत तर त्याचं काम लगेच लक्षात येईल. नाव कोरायचं कारण साधं: चांदीत खोट निघाली तर कुणाला धरायचं ते कळावं. दहाव्या शतकातल्या एथेलस्टान राजाच्या कायद्यात अशा माणसाचा हात तोडून टांकसाळीवर लावण्याची शिक्षा आहे.

एडगरनंतर साठ-सत्तर गावांतून एकाच छापाच्या पेन्या निघू लागल्या. काही वर्षांनी छाप बदलायचा, जुनी नाणी जमा करून नवी घ्यायची आणि त्या बदल्यात राजाने आपला वाटा काढायचा. आधी साधारण सहा वर्षांनी, अकराव्या शतकाच्या मध्याला दोन-तीन वर्षांनीच. नाशिकजवळच्या जोगळटेंभीच्या ठेव्यात सातवाहन राजा गौतमीपुत्राने क्षत्रप नहपानाच्या नाण्यांवर आपला ठसा मारला, तसं इथे सहसा होत नसे. इथे जुनं नाणं वितळवत, त्यामुळे नव्या ठशाखालून जुना डोकावताना फार क्वचित दिसतो. मक्तेदारांनाही हे फुकट पडत नसे. वूस्टरमध्ये छाप बदलला की प्रत्येक मक्तेदार नव्या ठशांसाठी लंडनला २० शिलिंग भरे, अशी १०८६ च्या डूम्सडे नोंदवहीत नोंद आहे. मग काही जण एक ठसा जुना वापरून पैसे वाचवत. चू व्हॅलीत २०१९ साली सापडलेल्या ठेव्यात अशी नाणी निघाली: एका बाजूला हॅरॉल्ड राजाचा ठसा, दुसऱ्या बाजूला त्याला १०६६ मध्ये हरवणाऱ्या विल्यमचा. २,५८४ नाण्यांचा हा ठेवा २०२४ मध्ये ४३ लाख पौंडांना संग्रहालयासाठी घेतला गेला.

संग्राहकाला या छापबदलाचा मोठा फायदा आहे. छाप ओळखला की नाणं पाच-सहा वर्षांच्या आत बसतं. म्हणून माझी शिफारस एथेलरेड दुसरा याच्या 'लाँग क्रॉस' छापाची, म्हणजे साधारण ९९७ ते १००३. मागे दुहेरी रेघेचा लांब क्रूस काठापर्यंत पोचतो, त्याच्या टोकांना चंद्रकोरींची नक्षी असते आणि मजकूर चार चतकोरांत वाटलेला असतो. छोटा क्रूस शोधा. तिथून घड्याळाच्या काट्याप्रमाणे वाचा: आधी माणसाचं नाव, मग एम आणि ओ ही अक्षरं (हे 'मनीयर'चं लघुरूप), मग गाव. तुम्ही अडाल तो 'पी'पाशी. इंग्रजी पीसारखं दिसणारं ते अक्षर पी नाही, जुनं 'विन' अक्षर आहे, उच्चार 'व'. म्हणजे 'पिंट' दिसलं की 'विंट', अर्थात विंचेस्टर. 'गॉडपिने' म्हणजे गॉडविने. विक्रेत्यांच्या यादीतही ही चूक दिसते. 'लुंड' म्हणजे लंडन, 'एओफर' म्हणजे यॉर्क, 'एआक्स' म्हणजे एक्सिटर. उत्तरेकडच्या गावांत कोल्ग्रिमसारखी नॉर्स नावं भेटतात; व्हायकिंगांची वस्ती तिथे कशी मुरली होती ते या काठावर वाचता येतं.

एथेलरेडची नाणी तुलनेने मुबलक, काही शे पौंडांत चांगलं नाणं मिळतं, आणि त्यामागे या राजाचं दुर्दैव आहे. चालून आलेल्या डेन लोकांना (व्हायकिंगांना) परत पाठवायला तो खंडणी देत गेला. तेव्हाच्या इतिवृत्तात ९९१ सालचा आकडा १०,००० पौंड आहे. पौंडाच्या २४० पेन्या, म्हणजे २४ लाख नाणी. पुढे इंग्लंडच्या गादीवर आलेल्या डेन राजा क्नूटने १०१८ मध्ये ७२,००० पौंड उकळले ते वेगळेच. त्यामुळे या काळातल्या इंग्रजी पेन्या खुद्द ब्रिटनपेक्षा स्कँडिनेव्हियाच्या मातीतून जास्त निघाल्या. तिकडे चांदी तपासायला नाण्यात सुरीचं टोक खुपसत. त्या बारीक टोचण्या दिसल्या की नाणं टाकून देऊ नका. मोगली रुपयावरची सराफाची खूण जशी आपण वाचतो, तशीच ही टोचणीही नाण्याच्या प्रवासाची खूण आहे.

घेताना ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा आणि दहापट भिंग हवंच. लाँग क्रॉस साधारण १.३ ते १.७५ ग्रॅम भरतो; छापाच्या सुरुवातीची नाणी जड, शेवटची हलकी. तेव्हा केवळ हलकं म्हणून खोटं ठरवू नका. काठ बघा: ओतीव नकलेला काठावर सांध्याची रेघ असते, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत असतात, पृष्ठभागावर बारीक बुडबुडे असतात. हातोडीने पाडलेल्या नाण्यात अक्षराभोवती धातू सरकल्याच्या रेषा दिसतात. हुबेहूब तेच ठसे आणि तेच ओरखडे असलेलं दुसरं नाणं विक्रीला दिसलं तर दोन्ही सोडा.

वाकलेलं नाणं कधीही सरळ करू नका. हजार वर्षं मातीत राहून चांदी आतून ठिसूळ झालेली असते. बोटाने दाबताच कट्‌कन मोडते. चिंच, लिंबू, टूथपेस्ट यांपैकी काही लावायचं नाही. पीव्हीसीच्या मऊ पाकिटात ठेवलं तर वर्षा-दोन वर्षांत हिरवट चिकटा येतो. पॉलिएस्टरची पाकिटं घ्या. लोकर, फेल्ट, रबर यांच्याजवळ चांदी काळी पडते. स्टायकेवर फिकट हिरवी भुकटी दिसली तर तो साधा गंज नव्हे, रोग आहे: आतले क्षार ओलाव्याने जागे होतात. ती वेगळी काढून सिलिका जेलबरोबर हवाबंद डब्यात ठेवायची. नाशिकच्या पावसाळ्यात हे प्रकरण फार जपावं लागेल.

कायद्याचंही बघायला हवं. इथे एका जागी निदान तीनशे वर्षं जुनी, निदान दहा टक्के चांदी-सोन्याची दोन नाणी सापडली तरी १९९६ च्या कायद्याने ती 'ट्रेझर' ठरतात आणि १४ दिवसांत कळवावी लागतात. संग्रहालयाने ठेवली तर बक्षीस सहसा शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात वाटलं जातं. आपला १८७८ चा कायदा आठवा, १० रुपयांवरचं धन कळवायचा! हेरफर्डशरमध्ये २०१५ साली सापडलेला ठेवा लपवून विकणाऱ्यांना तुरुंग झाला, पण तीनेकशे नाण्यांतली बहुतेक गेली ती गेलीच. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न: कुठे सापडलं आणि नोंद आहे का? केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयाकडे सुट्या सापडलेल्या नाण्यांची मोठी नोंदवही आहे. तिच्यातला क्रमांक असलेलं झिजकं नाणं मी बिननोंदीच्या चकचकीत नाण्याआधी घेईन.

आणखी एक गंमत. अकराव्या शतकातल्या लोकांनी काही पेन्यांना टाचणी लावून बिल्ले केले. टाचणी राजाच्या तोंडावर, आणि क्रुसाची बाजू सोन्याचा मुलामा देऊन बाहेर.

इंग्लंडच्या मातीतलं नाणं देशाबाहेर न्यायचं तर निर्यात परवाना लागतो, म्हणून पाकिटात नाणं घालत नाही. एका लाँग क्रॉस पेनीच्या दोन्ही बाजूंचे फोटो तेवढे सोबत आहेत, उजेड डावीकडून तिरपा घेतला आहे. माणूस कोण ते वाचून कळवा. गाव शोधायला फार लांब जायला नको, या पत्राच्या माथ्यावरच आहे.

काकूंना नमस्कार.

तुमचा पुतण्या