मायक्रोवेव्हमधलं गरम

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

खोलीवर मायक्रोवेव्ह घेतलास, चांगलं केलंस. वेळेवर गरम जेवशील. फक्त तो अन्न सगळीकडे सारखं तापवत नाही, हे पक्कं लक्षात ठेव.

त्याच्या लहरी अन्नात साधारण 2-3 सेंटिमीटरच शिरतात. तिथलं पाणी तापतं, पुढे उष्णता आपली हळूहळू आत सरकते. म्हणून वाटीच्या कडेची आमटी जीभ पोळते आणि मधली गारच असते. भात बशीत पसरून मधे खळगा कर, दोन चमचे पाणी शिंपड, झाकण जरा तिरकं ठेव. 800 वॅटवर दीड मिनिट, मग खालीवर करून आणखी एक मिनिट. बाहेर काढल्यावर दोन मिनिटं झाकूनच ठेव, तेवढ्यात उष्णता मधपर्यंत पोचते. झाकण उघडताना पलीकडची कड आधी उचल, वाफ तोंडावर येत नाही.

पुरणपोळी किंवा करंजी बाहेरून कोमट लागली तरी आतलं सारण चटका देतं. कोरडं आवरण कमी तापतं, ओलं गोड सारण जास्त. मोडून बघ, मगच खा. उकडलेलं अंडं अख्खं ठेवूच नकोस, सोललेलंसुद्धा. आत वाफ कोंडते आणि ते कधीकधी बाहेर काढल्यावर, दात लावताच फुटतं.

मला सगळ्यात जास्त काळजी नुसत्या पाण्याची वाटते. गुळगुळीत काचेच्या कपात बुडबुडा धरायला जागाच नसते, त्यामुळे पाणी 100 अंशांच्या वर जाऊनही न उकळता शांत दिसतं. त्यात कॉफी टाकली किंवा कपाला नुसता धक्का लागला, की ते एकदम उसळून हातावर, तोंडावर येतं. कपभर, म्हणजे 250 मिली पाण्याला दोन मिनिटं पुरतात. तापवण्याआधीच त्यात लाकडी चमचा ठेव. एकदा तापलेलं पाणी तसंच पुन्हा लावू नकोस. बंद झाल्यावर अर्धा मिनिट थांब, मग कप काढ.

तरीही भाजलंच, तर अंगठी, घड्याळ लगेच काढ आणि तो भाग 20 मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धर. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही लावू नकोस, फोड फोडू नकोस. चेहऱ्यावर उडालं असेल किंवा तळहाताएवढी जागा भाजली असेल, तर पाणी घालून झाल्यावर थेट डॉक्टरांकडे जा.

तुझी,
आई