बाटलीतला रेणू आणि यकृतातला रेणू

संपादक महोदय,

संगणकावर औषध शोधायच्या गप्पांत यकृताचं नाव क्वचितच निघतं. कपाशीवाल्या विदर्भाला उदाहरण जवळचंच आहे. बाटलीतलं क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक जसंच्या तसं मज्जातंतूंना फारसं बाधत नाही. यकृतातली सायटोक्रोम पी-४५० विकरं त्यातला गंधक काढून ऑक्सिजन बसवतात, आणि हा 'ऑक्सॉन' अ‍ॅसिटाइलकोलिनेस्टरेज हे मज्जातंतूंचा संदेश थांबवणारं विकर बंद पाडतो. डॉकिंग (रेणू विकरात कसा आणि किती घट्ट बसेल याचा संगणकी अंदाज) करणारा विद्यार्थी मात्र बाटलीवरचाच रेणू उचलतो आणि घट्टपणाचा आकडा फसतो. ऑक्सॉनची रचना घ्यावी, हायड्रोजन ७.४ सामूला जोडावेत, शोधाची चौकट विकरातल्या सेरीन-२०३ या अमिनो आम्लाभोवती आखावी, कारण ऑक्सॉन तिथेच जोडला जातो. तरी खोट उरतेच: साधं डॉकिंग असा सहसंयुज (इलेक्ट्रॉन वाटून होणारा पक्का) बंध धरत नाही, त्याला वेगळी पद्धत लागते.

या रूपांतराला वेळ लागतो. म्हणून फवारून आलेला माणूस संध्याकाळी धड दिसतो. रात्री तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. बांधलं गेलेलं विकर 'जुनं' झालं, म्हणजे बंध कायमचा पक्का झाला, की ते सोडवणाऱ्या प्रॅलिडॉक्झिम या औषधालाही सुटत नाही, लक्षणं आवरणाऱ्या अ‍ॅट्रोपिनवरच भिस्त राहते. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने माणसं दगावली. अशा रुग्णाला ग्रामीण रुग्णालयाने तासाभरात घरी धाडू नये, आणि नातेवाइकांना बाटली लेबलासकट आणायला सांगावं.

– औषधनिर्माणशास्त्राचे दोन अध्यापक, यवतमाळ जिल्हा