त्या यादीत एकही स्त्री नव्हती

मा. संपादक,
स. न.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांवरील पोलिसी हिंसेबद्दलचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. तळमळीने लिहिला आहे, पण त्यातली पाचही नावे पुरुषांची आहेत. दोष एकट्या आपल्या वृत्तपत्राचा नाही. तिकडची माध्यमे ज्या बायकांकडे पाहत नाहीत, त्या आपल्यापर्यंत पोहोचणार तरी कशा?

९ ऑगस्ट २०१४ रोजी अमेरिकेतल्या फर्ग्युसन शहरात १८ वर्षांचा मायकेल ब्राऊन पोलिसाच्या गोळीने मेला आणि जगभरच्या वाहिन्यांनी तिथे तळ ठोकला. ते योग्यच होते. त्यानंतर पाचच दिवसांनी फीनिक्समध्ये पन्नाशीच्या मिशेल कुसो यांच्या घरी पोलीस गेले, ते त्यांना मानसोपचारासाठी न्यायला. मिशेल यांच्या हातात हातोडी होती, असे पोलीस सांगतात. उपचारांसाठी न्यायला आलेल्यांनीच त्यांना गोळी घातली. देशाचे लक्ष फर्ग्युसनकडेच राहिले. शेवटी त्यांच्या आईने आणि सोबतच्या लोकांनी शवपेटी मोर्च्याने महापालिकेवर नेली. मेलेल्या लेकीकडे कुणी पाहावे म्हणून आईवर ही वेळ आली, हे कळल्यापासून मन थाऱ्यावर नाही.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात कायद्याच्या प्राध्यापिका किंबर्ले क्रेनशॉ यांच्या संस्थेने ‘तिचे नाव घ्या’ अशी हाक देणारी मोहीम सुरू केली. क्रेनशॉ सभेत सगळ्यांना उभे करून पोलिसांनी मारलेल्या कृष्णवर्णीयांची नावे वाचतात. ओळखीचे नसलेले नाव आले की खाली बसायचे. पुरुषांची नावे संपेपर्यंत बरेच जण उभे असतात. बायकांची सुरू झाली की सभागृह भराभर बसते.

चित्रफीत नव्हती म्हणून बातमी झाली नाही, असे सांगितले जाते. पण यातल्या कितीतरी बायका स्वतःच्या घरात मारल्या गेल्या. तिथे रस्त्यावरचा मोबाइल कुठून येणार? लुईव्हिलच्या २६ वर्षांच्या ब्रिओना टेलरला पोलिसांनी मध्यरात्रीनंतर दार फोडून मारले, ते १३ मार्च २०२० रोजी. घरात अमली पदार्थ सापडले नाहीत. पोलिसांच्या अहवालात जखमांपुढे ‘नाहीत’ असे लिहिले होते. तिचे नाव जगाच्या तोंडी आले ते मे अखेरीस जॉर्ज फ्लॉइड हा कृष्णवर्णीय पुरुष पोलिसांकडून मारला गेल्यावर.

या विषयावर पुन्हा लिहाल तेव्हा मिशेल कुसो यांचे नाव छापावे, आणि शक्य झाल्यास छायाचित्रही.

आपली नियमित वाचक,
सातारा