गव्हर्नरसाहेब, त्या आईने फोन कुणाला करायचा होता?

मा. ग्रेग ॲबट,
गव्हर्नर, टेक्सास राज्य,
ऑस्टिन.

स. न. वि. वि.

आपल्याला मराठी येत नाही, हे मला ठाऊक आहे. इंग्रजी पत्र वेगळं पाठवते आहे. हे मराठीत लिहिलं ते डॅलसजवळच्या प्लेनो, फ्रिस्को, ॲलनमध्ये राहणाऱ्या माझ्या माणसांनीही वाचावं म्हणून. आमच्यातले बरेच जण आता इथले मतदार आहेत. पण बंदुकीचा विषय निघाला, की "हे त्यांचं राजकारण, आपण कशाला पडा" असं म्हणून बशीतला चिवडा पुढे सरकवतात. मीही बरीच वर्षं तेच केलं.

२०१९च्या उन्हाळ्यात ॲलनमधल्या एका आईने तिथल्या पोलिसांना फोन केला होता. मुलगा एकवीस वर्षांचा. त्याच्याकडे एके जातीची रायफल असणं तिला बरोबर वाटत नव्हतं. त्याचं वय, त्याची समज, असलं हत्यार हाताळायचा अनुभव नाही, अशी तिची काळजी होती. पलीकडून उत्तर मिळालं, की तुम्ही सांगता त्यावरून तरी तो कायद्याने रायफल घेऊ शकतो. उत्तर चूक नव्हतं. तिने नाव सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही, फोन संपला. काही आठवड्यांनी, ३ ऑगस्टला, तो मुलगा दहा-अकरा तास गाडी चालवत एल पासोच्या वॉलमार्टला पोचला. तिथे त्याने गोळीबार केला, तेवीस माणसं गेली.

फोनची ही हकिगत कुटुंबाच्या वकिलांनीच नंतर सांगितली. आईने फक्त माहिती विचारली होती, तो कुणाला मारील असं तिच्या मनातही नव्हतं, असंही ते म्हणाले. मानलं. धोकादायक माणसाच्या बंदुका काढून ठेवणारा रेड फ्लॅग कायदा असता तर एल पासो टळलंच असतं, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण पोटच्या पोराबद्दल विचारायला कुठलीही आई सहज म्हणून पोलिसांना फोन लावत नाही. तो नंबर फिरवण्याआधी तिने किती वेळा फोन हातात घेऊन खाली ठेवला असेल, हे दोन मुलं वाढवलेल्या मला कुणी सांगायला नको.

(मराठीत याला लाल बावटा म्हणावं तर भलताच मोर्चा डोळ्यांसमोर येतो, म्हणून रेड फ्लॅगच म्हणते.)

आमच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. एखादा माणूस स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठेल अशी लक्षणं दिसली, तर पोलीस, काही राज्यांत घरचे लोकही, न्यायाधीशाकडे अर्ज करतात. पुरावा पटला तर न्यायाधीश त्याच्या बंदुका काही काळ काढून ठेवायला सांगतो. त्याला अटक नाही, गुन्हा नाही. थोड्या दिवसांत सुनावणी, तिथे तो आपली बाजू मांडतो. कनेटिकटने हे १९९९मध्ये केलं, इंडियानाने २००५मध्ये. फ्लोरिडाने २०१८मध्ये केलं, तेव्हा सही करणारे गव्हर्नर रिक स्कॉट आपल्याच रिपब्लिकन पक्षाचे होते.

आणि साहेब, त्याच वर्षी आपणही इथवर आला होतात. सांता फेच्या शाळेतल्या गोळीबारात दहा जण गेल्यावर मे २०१८मध्ये आपण जो आराखडा काढलात, त्यात विधिमंडळाने अशा कायद्याचा विचार करावा, असं लिहिलं होतं. मला तेव्हा बरं वाटलं होतं. दोन महिने झाले नाहीत तोच आपल्याच पक्षातून विरोध झाला आणि आपण मागे सरलात. पुढच्या वर्षी एल पासो झालं, महिनाभरात ओडेसातही गोळीबार झाला, आणि आपण आठ आदेश काढलेत. त्यातल्या बहुतेकांचा सूर एकच होता. संशयास्पद काही दिसलं तर लोकांनी कळवावं, आणि कळवलेलं नीट नोंदलं जावं. असं कळवण्यासाठीचं आयवॉचटेक्सास हे सरकारी ॲप तेव्हापासून माझ्या फोनमध्ये आहे.

म्हणजे लोकांनी सांगायचं. पण ज्याला सांगायचं त्याच्या हातात काय?

युवाल्डीच्या शाळेतल्या गोळीबाराचंच घ्या. विधिमंडळाच्या आपल्याच समितीने जुलै २०२२मध्ये अहवाल दिला. गोळीबार करणारा तो मुलगा सतरा वर्षांचा असताना त्याने दोघांना बंदूक विकत घेऊन दे म्हटलं होतं, दोघांनीही नकार दिला. ऑनलाइन ओळखीतली पोरं त्याला 'स्कूल शूटर' म्हणून चिडवायची. सोळा मेला तो अठरा वर्षांचा झाला, दुसऱ्याच दिवशी पहिली रायफल घेतली, तीन दिवसांनी दुसरी. २४ मेला एकोणीस मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. पोलीस वर्गाबाहेर सत्तर मिनिटांहून जास्त वेळ थांबून राहिले, त्यावर भरपूर लिहून झालंय. मला ते दोघं आठवत राहतात. बंदूक घेऊन द्यायला नाही म्हणण्याइतकी समज त्यांना होती. पुढे कुणाला सांगावं, ते सांगितल्याचा काही उपयोग होईल, अशी जागा त्यांना ठाऊक नव्हती, आणि टेक्सासात ती नव्हतीच.

आपल्या बाजूचे लोक म्हणतात, जागा आहे की. मनोरुग्ण असून जिवाला धोका आहे असं वाटलं तर टेक्सासचा पोलीस वॉरंटशिवाय माणसाला ताब्यात घेऊन दवाखान्यात नेऊ शकतो, आणि तेव्हा त्याच्याजवळची बंदूकही काढून घेऊ शकतो. खरं आहे. पण त्यातला क्रम बघा. आधी माणूस धरायचा, मगच बंदूक. मेन राज्यातही कायद्याची हीच रीत होती, तिथे त्याला यलो फ्लॅग म्हणायचे. २०२३मध्ये लुइस्टनजवळच्या एका राखीव सैनिकाबद्दल त्याच्या मुलाने आणि आधीच्या बायकोने मे महिन्यातच पोलिसांना सावध केलं होतं. सप्टेंबरमध्ये सैन्यातल्या दोस्ताने कळवलं, की हा गोळीबार करील असं मला वाटतंय. एक पोलीस घरी गेला. आतून दार उघडलं नाही. तो परत फिरला. माणूसच हाती लागला नाही, तर बंदुकीपर्यंत पोचणार कसे? २५ ऑक्टोबरला त्याच्या गोळीबारात अठरा माणसं गेली. चौकशी आयोगाने पोलिसांना दोष दिला, आणि तो द्यायलाच हवा होता. पण मेनच्या लोकांनी तेवढ्यावर भागवलं नाही. नोव्हेंबर २०२५मध्ये त्यांनी मतदान करून रेड फ्लॅग कायदा आणला. शिकारीला जाणारं, घराघरांत बंदूक असणारं राज्य आहे ते.

त्याच वर्षी आपण काय केलंत? सिनेट बिल १३६२वर सही. १ सप्टेंबर २०२५पासून टेक्सासात असा कायदा नाही एवढंच नव्हे, कुठल्या शहराने तो करायचाही नाही, आणि असला आदेश बजावायला जाणारा माणूसच गुन्हेगार. शिक्षा १८० दिवस ते दोन वर्षं. कायदा नको असणं मी समजू शकते. पण धोकादायक माणसाकडची बंदूक काढायला निघालेल्या पोलिसाला तुरुंगाची भीती घालायची, हे कुठल्या डोक्यातून निघालं?

आता जरा घरचं सांगते. सिंधुदुर्गात कुडाळ तालुक्यातलं आमचं गाव. आजोबांकडे शेती राखायला परवान्याची बंदूक होती, रानडुकरांसाठी. निवडणूक लागली की पोलीस पाटील निरोप घेऊन यायचा, की बंदूक ठाण्यात जमा करा. आजोबा ती गोणपाटात गुंडाळत, सुतळीने तीन जागी बांधत आणि सकाळच्या एसटीने कुडाळला जात. कंडक्टर विचारायचा, काय हो ह्या? तर म्हणायचे, जावय आसा. येताना हातात एक पावती. ती पंचांगात, अमावास्येच्या पानाशी ठेवलेली असे. दीड-दोन महिने डुकरं भातात धुमाकूळ घालायची आणि आजोबा पडवीत बसून शिव्या द्यायचे, "डुकरांका आचारसंहिता कोण सांगतलो?" निकाल लागला की पावती दाखवून बंदूक परत. त्रास होता, राग होता. पण आपल्याला कुणी गुन्हेगार ठरवलं, असं त्यांना कधी वाटलं नाही.

ही रीत इथे जशीच्या तशी चालणार नाही, एवढं मला कळतं. तिकडे बंदूक हा सरकारने दिलेला परवाना, १९५९च्या कायद्याने दिला तसा काढूनही घेता येतो. इथे तो घटनेने दिलेला हक्क. म्हणूनच इथे पोलीस पाटलाचा निरोप पुरत नाही, मध्ये न्यायाधीश हवा, पुरावा हवा, सुनावणी हवी. फ्लोरिडात तर घरच्यांनाही थेट अर्ज करता येत नाही, पोलिसांनीच करायचा. चौदा दिवसांत सुनावणी, धोका स्पष्ट आणि खात्रीलायक पुराव्याने सिद्ध करायचा, आदेश फार तर वर्षभराचा, आणि सुनावणीत शपथेवर खोटं बोललं तर तोही गुन्हा. घटस्फोटात सूड म्हणून वापरतील, असं जे म्हणतात, त्यांची भीती मी हसण्यावारी नेत नाही. आमच्याच समाजात खोट्या तक्रारींच्या गोष्टी चवीने सांगितल्या जातात. पण त्याचा इलाज कायद्यात लिहिता येतो, फ्लोरिडाने तो लिहिला आहे.

आणि हक्काचंच म्हणाल, तर आपल्याच टेक्सासातून गेलेल्या रहिमी खटल्यात सुप्रीम कोर्टाने जून २०२४मध्ये आठ विरुद्ध एक मतांनी सांगितलं, की दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे असं न्यायालयाने ठरवलेल्या माणसाकडून तात्पुरती शस्त्रं काढून घेणं घटनेत बसतं. तो घरगुती हिंसाचाराचा मामला होता, रेड फ्लॅगचा नव्हे. तरीही "घटना आडवी येते" हे आता पूर्वीइतक्या सहज म्हणता येणार नाही.

दुसऱ्या बाजूचंही सांगते, नाहीतर पत्र एकांगी होईल. मेरीलँडमध्ये नोव्हेंबर २०१८मध्ये पोलीस पहाटे पाचच्या सुमाराला असाच आदेश घेऊन एकाच्या दारात गेले, झटापट झाली, आणि तो माणूसच पोलिसांच्या गोळीने गेला. अशा वेळी पहाटे जायचं कशाला? न्यूयॉर्कमध्ये कायदा होता, तरी २०२२मध्ये बफेलोच्या सुपरमार्केटमध्ये गोळीबार करणाऱ्या मुलाविरुद्ध तो कुणी वापरला नाही, वर्षभरापूर्वी त्याची मानसिक तपासणी झालेली असूनसुद्धा. म्हणजे कायदा केला आणि पोलिसांना शिकवलं नाही, तर तो कपाटात पडून राहतो. आमच्या ॲलनच्या मॉलमधल्या गोळीबारात कायदा उपयोगी पडला असता, असंही म्हणवत नाही. ६ मे २०२३, शनिवार दुपार, आठ जण गेले, त्यांत हैदराबादकडची एक इंजिनिअर मुलगी. भारतात जाताना न्यायच्या पर्सेस आणि परफ्यूम आम्ही सगळे तिथूनच घेतो. त्या संध्याकाळी ग्रुपवर "पोचलात का, घरी आहात का" याशिवाय दुसरा मेसेज नव्हता. गोळीबार करणाऱ्या माणसाला सैन्याने मानसिक कारणावरून काढलं होतं ते २००८मध्ये. पंधरा वर्षांमागची ती गोष्ट धरून कुठला न्यायाधीश आदेश देईल, मला सांगता येत नाही.

पण ज्या मरणांची बातमी होत नाही, ती जास्त आहेत. या देशात बंदुकीने जाणाऱ्यांत निम्म्याहून अधिक लोक स्वतःच्याच हाताने जातात. कनेटिकट आणि इंडियानाचा अभ्यास करणाऱ्यांचा अंदाज असा, की दर दहा ते वीस आदेशांमागे एक आत्महत्या टळली. आमच्या शेजारचे आजोबा व्हिएतनामला जाऊन आलेले, अस्सल टेक्सन. दिवाळीला मी चकल्या दिल्या की ते मला ब्रिस्केट देतात. बायको गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्यांनी वेकोहून मेहुण्याला बोलावलं आणि सातही बंदुका त्याच्या पिकअपमध्ये घालून दिल्या. मी अंगणात झाडांना पाणी घालत होते. मला म्हणाले, "सध्या माझाच मला भरवसा वाटत नाही." पाच महिन्यांनी बंदुका परत आल्या. त्यांनी स्वतः ओळखलं. ज्याला तेवढं भान राहत नाही, त्याच्यासाठी ओळखणारं दुसरं कुणी घरात असतंच, बहुतेक वेळा.

विधिमंडळ पुन्हा बसेल ते जानेवारी २०२७मध्ये. तेव्हा निदान आदेश बजावणाऱ्याला गुन्हेगार ठरवणारं कलम तरी काढावं. आणि फ्लोरिडासारखा, फक्त पोलिसांनी अर्ज करायचा, असा मसुदा कुणी आणलाच, तर त्यावर समितीत सुनावणी होऊ द्यावी. मतदान विरोधात गेलं तर गेलं. २०१८मध्ये आपण विचार करा म्हणाला होतात, तेवढंच मागते आहे.

तोवर एक खुलासा हवा आहे. माझ्या गल्लीतली एखादी आई उद्या मला म्हणाली, की पोराच्या खोलीत रायफल आहे, तो चार दिवस जेवलेला नाही, काहीबाही लिहितोय, तर मी तिला आयवॉचटेक्सास उघडून देईन. ती सगळं भरेल. नाव, पत्ता, तिचा स्वतःचा नंबरसुद्धा. बटण दाबल्यावर ते वाचणाऱ्या पोलिसाने नेमकं काय करावं, अशी आपली अपेक्षा आहे, ते कृपया कळवावं.

कळावे, लोभ असावा.

आपली,
कॉलिन काउंटीतली एक मतदार