बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीस

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नाव घालत नाही, तू बजावलंयस म्हणून. नेरूळच्या आपल्या सोसायटीत ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. घरी येऊन आभार मानले असते तर "काका, काहीतरीच काय" म्हणत तू सटकली असतीस. म्हणून सगळ्यांदेखत लिहितोय.

आधी माझा वेडेपणा सांगतो. रिटायर झाल्यावर मासे पाळायची हुक्की आली. एका दुकानात मटाराएवढा, हिरवट-पिवळा, काळ्या ठिपक्यांचा पी पफर मासा दिसला. मी कोकणातला. रापणीच्या जाळ्यात केंड मासा सापडला की तो टम्म फुगायचा आणि आम्ही पोरं टाळ्या पिटायचो. हा त्याचाच भाऊबंद म्हटल्यावर घेतलाच. दुकानदाराने गोल काचेचं भांडं दिलं, दाण्यांची डबी दिली आणि सोबतीला दोन गप्पी मासे. आठवड्याभरात गप्पींच्या शेपटीची झालर कुरतडून गेली. दाण्यांकडे हा पठ्ठ्या ढुंकूनही बघेना. मला वाटलं, एकटा आहे म्हणून झुरतोय. दुसरा पफर आणायला निघालो, तर लिफ्टमध्ये तू.

"काका, दुसरा आणू नका. आधी पहिल्याचं पोट दाखवा."

पोट खपाटीला गेलं होतं. तू तशीच घरी गेलीस आणि श्रीखंडाच्या डब्यातून आपल्या टाकीतल्या बारक्या गोगलगायी घेऊन आलीस. एक आत सोडली. मासा जागच्या जागी तरंगत राहिला. एक डोळा गोगलगायीवर, दुसरा माझ्यावर. दोन्ही डोळे वेगवेगळे फिरतात हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. गोगलगायीने शिंगं बाहेर काढली मात्र, याने झडप घातली. तू म्हणालीस, याचे दात जुळून चोच झालेली असते आणि ती वाढतच राहते, कवचावर झिजली तरच बरी. मी आपला त्याला मऊ मऊ दाणे भरवत होतो!

मग तू नळीत पाणी घेऊन थेंब टाकलेस. पिवळं राहायला हवं ते हिरवं झालं. अमोनिया, माशाच्याच घाणीतून होणारं विष. स्वच्छतेच्या नादात मी फिल्टरचा स्पंज दर रविवारी नळाखाली खसाखसा धूत होतो. आपलं मोरबे धरणाचं पाणी प्यायला झकास, पण त्यातल्या क्लोरीनने स्पंजातले हे विष संपवणारे उपयोगी जिवाणूच मरत होते. हे मला ६१व्या वर्षी कळलं. तू वीस लिटरची टाकी आणायला लावलीस, गप्पी आपल्या घरी नेल्यास आणि तुझ्या फिल्टरमधला मळकट स्पंज माझ्या फिल्टरमध्ये बसवलास. एवढी घाण वस्तू इतक्या मायेने मला कुणी दिली नव्हती.

एकटेपणावरून मात्र मी तुझ्याशी बराच वाद घातला. तू म्हणालीस, केरळच्या नद्यांत हे घोळक्याने असतात खरे, पण तिथे पळायला जागा असते. वीस लिटरमध्ये दोन ठेवले तर दबलेल्याने जायचं कुठे? आता बघतो ना, सकाळी उठून टाकीभर फेरी मारतो, प्रत्येक पानाखाली डोकावतो, वॉचमनसारखा. झुरण्याचं लक्षण नाही. मीच दुपारी पेपर घेऊन त्याच्यासमोर बसतो, तेव्हा सोबत कोणाला लागत होती ते असो.

नातवाला दाखवायला मी त्याला जाळीने बाहेर काढून फुगवणार होतो, तेव्हा तू जी ओरडलीस! बाहेर तो पाण्याऐवजी हवा गिळतो आणि ती पटकन सोडता येत नाही, जिवावर बेततं. नातू हिरमुसला, मी जास्त. आता टाकी बदलायची वेळ आली तर त्याला पाण्यासकट पेल्यात घेतो.

घरात एकच तंटा उरलाय. फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी फ्रोझन ब्लडवर्म, म्हणजे पफरच्या खाण्याच्या लाल अळ्या. तुझ्या काकूने दोघांमध्ये पुठ्ठा उभा केलाय आणि पुलावात मटार घालायच्या आधी दोनदा वास घेते.

तुझा श्रीखंडाचा डबा धुऊन ठेवलाय. डबा रिकामा परत करू नये म्हणून काकूने नारळाच्या वड्या केल्यात. पण ज्यात गोगलगायी होत्या त्यात वड्या भरायला ती तयार नाही. तेव्हा दोन डबे येतील. वड्यांचा स्टीलचा आहे, तो परत दे.

तुझा,
ए विंगचा पफरवाला काका